टॅडीआजोबांचा घास

ब्रिस्टलहून आयर्लंडमधल्या कॉर्कला विमानानं जेमतेम तासभर लागतो. मेवनं बेत अगदी सुटसुटीत आखला होता. पाठीवरच्या पिशवीत मावेल तेवढंच सामान, शनिवारी दुपारी आजीच्या कबरीवर फुलं, रविवारी आगगाडीनं कोव्हला जाऊन बंदर बघायचं, सोमवारी परत. तिची आई डिम्फना पावाला लोणी लावता लावता सगळ्याला मान डोलवत होती. मग मेवनं राखून ठेवलेली गंमत सांगितली. धक्क्याजवळचं आईचं माहेरचं घर हल्ली पाहुण्यांना भाड्यानं देत होते, आणि तिनं नेमकी तिथलीच खोली घेतली होती.

डिम्फनानं सुरी खाली ठेवली.

"दुसरीकडे बघ."

"अगं, पण का?"

"तिथे वास येतो."

इतक्या वर्षांनी कसला आलाय वास, म्हणून मेवनं ते हसण्यावारी नेलं. आईनं सुरी पुन्हा उचलली. आपल्या आईच्या कबरीवर जायची तिची फार इच्छा होती.

घर नव्यानं रंगवलेलं होतं. घरमालकीण क्रौलीबाई मोठ्या बोलक्या. त्यांनी चहा दिला, माडीवरची खोली दाखवली, आणि खाली निघून गेल्या. दार लोटताक्षणी मेवच्या नाकात तो वास शिरला. कांदा घालून दुधात शिजवलेल्या वजडीचा, आणि त्याच्या तळाशी काहीतरी आंबूस, उबट. न धुतलेल्या म्हाताऱ्या तोंडाचा. तिनं खिडकी उघडली. ओहोटीच्या चिखलाची घाण आत आली, तीसुद्धा बरी वाटली.

खाली जाऊन तिनं विचारलं, तर क्रौलीबाई चकित झाल्या. त्यांच्या घरात वजडी कधी शिजतच नव्हती.

मेव परत वर आली. आई अंगातला कोटही न काढता खिडकीशी बसली होती. कबरीवर जाण्याआधी जरा पाठ टेकावी म्हणून मेव आडवी झाली आणि तिला डोळा लागला.

जबडा ठणकू लागला तशी तिला जाग आली. ती चावत होती. तोंडात काहीतरी मऊ, चिवट, कोमट भरलेलं होतं. तिनं ते हातावर थुंकलं. राखाडी लगदा, दुधाळ लाळेत भिजलेला. आई केव्हाच शेजारी येऊन उभी होती. तिनं रुमालानं तो गोळा उचलून घेतला.

"गिळलं नाहीस ना?"

"नाही… आई, काय आहे हे…?"

मग डिम्फनानं खालच्या आवाजात सांगितलं. तिचे चुलत आजोबा, टॅडी, याच खोलीत अंथरुणाला खिळले होते. तोंडात एक दात नव्हता, आणि वजडीशिवाय त्यांना काही चालायचं नाही. घरात सगळ्यात लहान ती. तिला उशाशी बसवायचे. तिनं प्रत्येक घास चावून मऊ करायचा आणि हातानं त्यांच्या तोंडात घालायचा. ते तिची बोटंसुद्धा चोखायचे, हिरड्यांनी, डोळे मिटून.

"ते गेले, त्यांना पुरलं," ती म्हणाली. "पण घास मागायचे थांबले नाहीत… म्हणून मी घर सोडलं."

दोघी तशाच पिशव्या उचलून निघाल्या. वाटेत कबरीवर फुलं ठेवली आणि मिळेल त्या विमानानं परत फिरल्या. विमान वर चढलं, डिम्फनाला झोप लागली. मेवच्या दुसऱ्या बाजूची खुर्ची रिकामी होती. दिवसभर पोटात काही नव्हतं, म्हणून मेवनं चीजचं सँडविच मागवलं. पहिला घास तिनं चावला. घशाखाली जाईना. चावून चावून त्याचं पाणी व्हायला आलं, तरी गिळताच येईना. कागदी पिशवीत टाकावा म्हणून तिनं तो तळहातावर काढला, हात रिकाम्या खुर्चीकडे धरला आणि दुसऱ्या हातानं पिशवी शोधू लागली.

पिशवी सापडली तेव्हा तळहात रिकामा होता. खाली काही पडलं नव्हतं. हात मनगटापर्यंत ओला होता, आणि बोटांची टोकं, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी, पांढरी पडून सुरकुतली होती.