पाच मिनिटांचा फोटो

मोबाइल उलटे ठेवा आधी. गोष्ट हवी ना? मग तोंडावर तो उजेड नको. आणि मध्येच "काका, खरंच का?" असं विचारायचं नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा शाळेपासूनचा मित्र. आणि शेवटचा भाग तर मी स्वतः बघितलाय.

त्या संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो होतो चष्म्याची दांडी बसवून घ्यायला. बारीकसा स्क्रू पडला होता, एवढंसं काम. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, घराच्या तळमजल्यावरच. वरच्या मजल्यावर तो आणि त्याची थोरली बहीण राहायची. सगळं गाव तिला ताईच म्हणायचं. शाळेत मास्तरीण होती, नवरा लवकर गेला, एकुलती एक मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी. भावानं लग्न केलं नाही. त्याचं लग्न दुर्बिणीशी लागलंय, अशी आम्ही त्याची चेष्टा करायचो. त्याला जेवायला हाका मारणं, त्याचे सदरे शिवणं, त्याची चिडचिड ऐकून घेणं, हे सगळं ताईच्या गळ्यात.

कारण गडी रात्रभर गच्चीवर. दीर्घिकांचे फोटो काढायचा. म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच दुसऱ्या, कोट्यवधी प्रकाशवर्षं दूर. साध्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. तो दुर्बिणीला कॅमेरा लावायचा आणि पाच-पाच मिनिटांचे फोटो घ्यायचा, एकामागून एक. मग असे शेकडो फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे तो कापसासारखा ठिपका उमटतो. त्या पाच मिनिटांत काही हलता कामा नये. जिन्यात कोणी पाऊल टाकलं तरी स्लॅबला हिसका बसायचा आणि फोटोतल्या प्रत्येक ताऱ्याला एक शेपूट यायची. असा फोटो बाद. आणि उजेड तर अजिबात नको. शेजाऱ्यांच्या खिडक्यांवरून यानं किती भांडणं केली असतील! अख्ख्या गल्लीनं नाव टाकलं होतं त्याचं.

ताई मात्र रोज जिन्यातला दिवा चालू ठेवायची. हा अंधारात उतरताना पडेल म्हणून. हा वरून ओरडायचा, "ताई, दिवा!" ती बंद करायची, अर्ध्या तासानं पुन्हा लावायची. अशी दोघांची वर्षानुवर्षं जुंपलेली.

गेल्या वर्षी ताई गेली. जिन्यावरून पडून. आम्ही सगळे भेटायला गेलो तेव्हा यानं सांगितलं, पहाटे चारला उठून वर येत असेल, पाय घसरला, झटक्यात गेली. भाची त्याला एकच गोष्ट विचारत होती. "मामा, जिन्यात दिवा चालू होता ना रे? मग आई पडली कशी?" हा म्हणाला, "तिचा नंबर वाढला होता. चष्मा बदल म्हणून किती मागे लागलो, ऐकलं नाही." बिचारीनं मान डोलावली. चष्मेवालाच सांगतोय म्हटल्यावर खरंच मानणार ना?

तर त्या संध्याकाळी मी दुकानात गेलो. तो स्क्रू बसवत होता. आयुष्यभर मोहरीएवढे स्क्रू बसवणारा माणूस. त्याच्या हातून स्क्रू दोनदा खाली पडला. मी म्हटलं, "बरं नाही का तुला?"

तो म्हणाला, "शटर अर्ध्यावर ओढ. सकाळी भाचीचा फोन आला होता. संध्याकाळी येते, एवढंच बोलली. ती यायच्या आत मला कोणाला तरी सांगू दे."

आणि मग तो बोलला. खाली मान घालून.

ताई गेली ती अमावास्येची रात्र. आकाश स्वच्छ. यानं काय केलं, जिन्यातला बल्बच काढून खिशात टाकला. कटकटच नको. पावणेदोनला खाली धप्पकन आवाज झाला. फोटो चालू होता. उठला असता तर तो फोटो गेला असता. मांजर असेल असं स्वतःला सांगून बसून राहिला. फोटो आला तर सगळ्या ताऱ्यांना शेपट्या. "वैतागलो रे मी," तो म्हणाला. "तो फोटो काढून टाकला आणि पुढचे घेत बसलो." चार वाजता खाली उतरला, तर अकराव्या पायरीखाली ताई. अंग अजून कोमट होतं. यानं डॉक्टरला फोन करायच्या आधी काय केलं माहितीये? बल्ब परत बसवला.

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. खरं सांगतो. पण म्हातारपणी माणूस नुसता ऐकत बसतो.

तो पुढे बोलतच होता. वर्ष होत आलं तसा भाचीनं फोन केला. "मामा, आई गेली त्या रात्री तू ज्याचा फोटो काढत होतास, तो मला फ्रेम करून दे. भिंतीवर लावते." बघा म्हणजे. हा नाही कसं म्हणणार? पण त्या रात्रीचे फोटो पुरेनात. दीर्घिका वर्षानं पुन्हा त्याच वेळी त्याच जागी येते. म्हणून हा पुन्हा गच्चीवर गेला. जिन्यातला दिवा या वेळी चालू ठेवून. नुसतं दाराला जाड कापड लावलं.

सव्वाबाराला पहिला फोटो. प्रत्येक ताऱ्याला एक शेपूट.

वारा नव्हता. त्यानं तिवईचे स्क्रू आवळले. दुसरा फोटो. पुन्हा एक शेपूट. तिसरा, तसाच. रस्त्यावर एक गाडी नाही. चौथा, पाचवा, सहावा… दर फोटोत एक हिसका. एकच. मग त्याच्या लक्षात आलं. हा हिसका त्याच्या ओळखीचा होता. पावलाचा.

त्यानं कापड बाजूला करून जिन्यात बघितलं. दिवा चालू. जिना रिकामा. अठराच्या अठरा पायऱ्या स्वच्छ दिसत होत्या.

परत येऊन बसला. आणि गधड्यानं पुढचा फोटो घेतला! मी विचारलं, "अरे, का?" म्हणे, सवय.

दहावा. शेपूट.

अकरावा आला… स्वच्छ. सगळे तारे गोल, टाचणीनं टोचल्यासारखे. त्याला हायसं वाटलं. संपलं असं वाटलं.

बारावा. शेपूट.

आता त्याला उठवेना. खाली जायला वाट एकच. तीच. तेरावा. चौदावा. पंधराव्याला कापडाच्या फटीतला उजेड गेला. सोळावा… लॅपटॉपकडे बघायचं नाही असं ठरवलं. तरी बघितलं.

सतरावा.

अठरावा फोटो चालू झाला. घड्याळात एक चाळीस. पाच मिनिटं तो श्वास धरून बसला. पावणेदोन वाजले. कॅमेरा खटकन बंद झाला. कापड हललं… नाही, हललं नाही. फक्त मागून, अगदी कानाशी, रोजच्याच आवाजात…

"झालं का रे तुझं?"

आणि हा काय बोलला असेल? वर्षानुवर्षं जे बोलत आला तेच. तोंडातून निघूनच गेलं.

"पाच मिनिटं."

मग… काही नाही. हा उजाडेपर्यंत तसाच बसून.

मी म्हटलं, "मग भाचीला सांगितलंस का सगळं?" तर नाही! यानं शेपट्यांचे फोटो गाळले, चांगले तेवढे आणखी दोन रात्रींच्या फोटोंबरोबर रचले, दीर्घिका झकास आली, फ्रेम केली आणि पाठवून दिली. पोरांनो, लोक म्हणतात भुताला भ्यावं. मला त्या क्षणी माझ्या मित्राची भीती वाटली. त्याच्या मानेवर साक्षात बहीण येऊन उभी राहिली, तरी यानं खोटं सोडलं नाही.

तेवढ्यात शटर वाजलं. भाची वाकून आत आली. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम. मला नमस्कारसुद्धा केला नाही, एरवी पाया पडणारी मुलगी. तिनं कागद काढला आणि फ्रेम काउंटरवर पालथी ठेवली.

फ्रेमच्या मागे खाकी कागद चिकटवलेला असतो ना, तो. त्यावर पेन्सिलीनं एक ओळ होती. सुबक अक्षर, शिरोरेषा पट्टीनं मारल्यासारखी. फळ्यावर आयुष्य गेलेल्या माणसाचं.

"काल झाडताना खाली काढली," ती म्हणाली. "लावली तेव्हा मागे काही नव्हतं. मामा, हे आईचं अक्षर आहे."

मी वाकून वाचलं. "मी त्याला तीनदा हाक मारली होती."

मी मित्राकडे बघितलं. मला त्यानं धप्पकन आवाज झाल्याचं सांगितलं होतं. हाकांचं नव्हतं सांगितलं.

तो त्या ओळीकडे बघत होता. बाहेरून कोणी सायकल ढकलत गेलं.

मग तो हळूच म्हणाला, "मला… दोनदाच ऐकू आली."