ठोंब्या बोलला का नाही?

चंद्रावरच्या वस्तीत केतकीनं रेशमाच्या अळ्या पाळल्या होत्या. सकाळी खोलीचं दार उघडलं तर आत ही थंडी! अळ्या पानांवर आखडून पडलेल्या.

"ठोंब्या! ऊब ठेव म्हणून हुकूम होता ना?"

"होता," यंत्रमानव ठोंब्या म्हणाला. "खोली --ऊब --गार."

"दोन्ही? कुणी लिहिलं?"

ऊब आजानं लिहिलं होतं. वसंताकाकाला त्याच खोलीतली तुतीची पानं ताजी ठेवायची होती, त्यानं गार जोडलं. थोरांचं लिहिलेलं खोडायचं नाही, आपलं मागं जोडायचं, अशी वस्तीची रीतच.

आजानं आधी खोली तापवायला लावली, मग केतकीला जवळ घेतलं. "हे बघ, ठोंब्या चालतो स्क्रिप्टवर (यंत्राला ओळीनं लिहून दिलेली कामं). हुकमामागं दोन रेघा देऊन जोडतो तो ऑप्शन (काम कसं करायचं ती सूचना). स्क्रिप्टनं ऊब वाचलं, आपल्या आतल्या पाटीवर ऊब लिहिलं. मग गार वाचलं, ऊब पुसून गार लिहिलं. शेवटी उरलं ते केलं."

"आणि पुसताना मिठाची गुळणी धरली होती?"

"बोल म्हणून कुणी लिहिलंच नाही त्यात."

"मग लिहा की! माझ्या अळ्या मरतायत आणि हा शहाणा गप्प!"

आजा हसला नाही. लिहायला बसला. सगळे ऑप्शन आधी वाचायचे. ऊब आणि गार दोन्ही सापडले, तर कशालाच हात न लावता थांबायचं आणि कोणते दोन भांडतायत ते नाव घेऊन सांगायचं.

"आणि मनानं एक निवडायचा नाही!" केतकीनं दटावलं.

मग आजानं नवा हुकूम लिहिला: खोली --ऊब. तेवढ्यात काका आला, सवयीनं त्यामागं --गार जोडलं.

"ऊब आणि गार एकत्र चालणार नाहीत," ठोंब्या म्हणाला. "एकच सांगा."

"आता हा डबा मला उलट बोलणार?"

"बोलणारच! बघ काका, काय केलंस ते."

काकानं अळ्या बघितल्या आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं पानांच्या टोपल्या दुसऱ्या खोलीत नेल्या. इकडे एका अळीनं डोकं उचललं, मग दुसरीनं. हळूहळू पानं कुरतडल्याचा आवाज यायला लागला.

केतकी ऐकत होती, आणि एकदम थबकली. "आजा, वस्तीच्या बाहेरच्या दाराला पण स्क्रिप्टच आहे ना? तिथं कुणी --उघड आणि --बंद दोन्ही लिहिलं तर?"

आजा ताडकन उठला. "चल पोरी. त्यालाही बोलायला शिकवू. पण लिहिणार तू."