तळाला हवा

साक्रीच्या पुढे जलाशयाच्या काठावर ठेकेदार स्वप्नीलने जे काही उभं केलं होतं, त्याला इमारत म्हणणं माझ्या जिवावर आलं. सिमेंटच्या विटांच्या भिंती, वर पत्रा, आणि दार असं की जोरात ढकललं तर चौकट हातात यावी. ‘स्वस्त आणि टिकाऊ’ असं बाहेर निळ्या रंगात लिहून घेतलं होतं. त्यातलं स्वस्त तेवढं खरं.

पाण्याला उन्हाळाभर कुजका वास मारतो म्हणून तळाशी हवा सोडायची, एवढाच प्रकल्प. खोलीत हवेचं मशीन. त्यातून निघालेला जाड काळा पाइप थेट जलाशयाच्या तळापर्यंत. मी धुळ्याहून तपासणीला आले होते आणि दार बघूनच मनात शेरा मारून मोकळी झाले होते.

“यास्मिन मॅडम, एवढ्या पैशात बंगला नाही होत,” स्वप्नील दात काढत म्हणाला.

“गोठासुद्धा झालेला नाही,” मी म्हणाले.

राखणदार भिकनआबा आत यायला तयार नव्हते. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, “मॅडम, मशीन बंद शे, तरी पाइप दम ली राहिना.”

पाइप म्हणे श्वास घेतोय! मला हसू आलं. बांधकाम असलं, आणि वर भुताची गोष्ट! पाना घेऊन मी स्वतःच पाइपाचं तोंड मशीनपासून सोडवलं. हवेचा गार झोत आला. उरलासुरला दाब असणार. झोत थांबला, आणि माझी ओढणी पाइपाकडे खेचली गेली.

पुन्हा बाहेर. पुन्हा आत. गाढ झोपलेल्या माणसासारखं, सावकाश.

त्या हवेला कुजका वास नव्हता. नुकत्याच चघळलेल्या बडीशेपेचा होता.

“लाटांमुळे होत असेल,” मी म्हणाले. दाराबाहेर पाणी ताटातल्यासारखं निश्चल होतं. मग स्वप्नीलवरच घसरले. “पाइपही स्वस्तातलाच आणलात ना?”

ते त्याला झोंबलं. तो गुडघ्यांवर बसला आणि पाइपाला तोंड लावून ओरडला, “आहे का रे कोणी खाली?”

“भाऊ, तोंड नका लावू!” आबा कळवळून म्हणाले.

पाइप थांबला.

स्वप्नील तसाच वाकलेला. ओठ पाइपाला चिकटलेले, गाल आत ओढलेले.

मी त्याचे खांदे धरून ओढलं. आबाही धावत आत आले. तो सुटला तेव्हा बाटलीचं बूच निघावं तसा आवाज झाला.

दूर, पाण्याच्या मधोमध, एक मोठा बुडबुडा वर आला आणि फुटला.

“बरे आहात ना?” मी विचारलं.

त्याने मान डोलावली. हसलासुद्धा.

साक्रीपर्यंत गाडीत तो एक शब्द बोलला नाही. स्टँडसमोर आम्ही चहा घेतला. वाफाळत्या चहावर जाड साय धरली होती. स्वप्नीलने ग्लास तोंडाजवळ नेला, ओठांचा चंबू केला आणि फुंकर मारू लागला. बराच वेळ मारत राहिला.

साय हलली नाही.