बिनभोकाचं बटण

"मुलांपैकी कुणी काही गिळलं नाही ना?"

नाव नाही, नमस्कार नाही... छत्रीबागेतल्या त्या छोट्या हॉलच्या दारात एक अनोळखी तरुण धापा टाकत उभा होता. स्पृहा दचकून उठली. तिच्या रविवारच्या वर्गातली मुलं फरशीवर खडूच्या चौकटींत बटणं मांडून आकडे तयार करत होती.

"आपण कोण, भिया?" इथल्या हिंदी वळणाच्या मराठीत ‘भैया’चा असा ‘भिया’ होतो.

"नीरज. नाशिकचा. सुलोचनाकाकूंच्या वरच्या खोलीत राहतो. त्यांनी काल तुम्हाला बटणांचा डबा पाठवला ना... त्याआधी मी त्याच्या शेजारीच बसून घड्याळाचा सेल बदलत होतो. जुना त्या डब्यात पडलाय. चूक माझी."

"पक्का? सेलच?"

"पक्का."

स्पृहा एमएस्सी झालेली. तो चपटा, चकचकीत सेल घशात अडकला तर आतून भाजत जातो, हे तिला नको तितकं ठाऊक होतं. आणि डबा न बघता तिनेच ओतला होता.

"सगळ्यांनी हात वर! कुणी जागचं हलायचं नाही."

ढिगात नव्हता. चटईखाली नव्हता. नीरज एकेकासमोर गुडघे टेकून "आ कर बरं" म्हणत मोबाइलचा उजेड पाडत होता. मुलांना भारी मजा वाटत होती. स्पृहा पुन्हा पुन्हा मुलं मोजत होती.

"गाडी दाराशीच आहे," तो हळूच म्हणाला. "वेळ आलीच तर लगेच हॉस्पिटल. तुम्ही घाबरू नका."

"तुमचाच आवाज कापतोय."

"म्हणून तर हळू बोलतोय."

एवढ्या भीतीतही तिला हसू फुटलं, आणि लगेच स्वतःचा राग आला.

राहिली फक्त प्राची. सहा वर्षांची. फ्रॉक पसरून, ओठ गच्च मिटून बसलेली.

"प्राची, बेटा... तोंडात काय आहे?"

नुसती मान हलली. डोळे भरून आले.

"मी तुझ्यापेक्षा जास्त घाबरलोय," नीरज तिच्यासमोर बसत म्हणाला. "सच्ची. एकदाच दाखव ना."

प्राचीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. समोरचा दातही नव्हता.

"सब हँसते हैं," ती पुटपुटली.

"मग फ्रॉकखाली काय लपवलंस?" स्पृहाने विचारलं.

फ्रॉक हळूच वर झाला. खडूच्या तीन चौकटी. पहिलीत एक बटण, तिसरीत पाच, आणि मधल्या चौकटीत तो सेल.

"ये जीरो है, टीचर. तुम्हीच म्हणाल्या, शून्याची जागा रिकामी सोडायची नाही. सगळ्या बटणांना छेद आहेत, इसमें कुछ नहीं है. बाजूचा धनेश ले लेता, म्हणून झाकला."

"एकशे पाच," स्पृहा कशीबशी म्हणाली. "बरोबर आहे." आणि भिंतीला टेकून खालीच बसली.

नीरजने सेल रुमालात गुंडाळून खिशात टाकला.

"मी... निघू?"

"नको. म्हणजे, वर्ग संपेपर्यंत थांबा. मला अजून भीती वाटतेय."

"आणि वर्ग संपल्यावर?"

"तेव्हाही वाटेल, बहुतेक."

तो शेजारी टेकला. त्याने जरा घुटमळत तिच्या बोटांवर हात ठेवला.

"टीचर, देखो! यांनी तुमचा हात धरला!" प्राची ओरडली.

"तू आपली बटणं बघ," स्पृहा म्हणाली आणि त्याच्या हातावर आपली बोटं घट्ट मिटली.