नऊ बोटं

पोंभुर्ण्याच्या रस्त्यावर, सागाच्या रोपवाटिकेला लागून एक वृद्धाश्रम आहे. अकरा खाटा, लांब पडवी, मागं विहीर. तिथली नर्स रंजीता हात धुण्याच्या बाबतीत इतकी कडक, की म्हातारे तिला माघारी ‘साबणबाई’ म्हणत. ती ऐकून न ऐकल्यासारखं करी. तिचे स्वतःचे वडील मुखरू पाचव्या खाटेवर होते. लकव्यानं पडून पडून त्यांच्या पाठीला जखम झालेली. त्यांच्याजवळ राहता यावं म्हणूनच तिनं चंद्रपूरची नोकरी सोडली होती.

दिवाळीनंतर डोमाजी, बुधरी आणि मुखरू, तिघांच्या तपासणीत एकच जंतू निघाला. कुठल्याच औषधाला भीक न घालणारा. डॉक्टर म्हणाले, “औषधावर भिस्त ठेवू नका. हा हातांवरून फिरतो. हात कुणाचे, ते शोधा.”

रंजीताकडं प्रशिक्षणात मिळालेली एक पावडर होती. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. जांभळ्या टॉर्चखाली हिरवी चमकते. तिनं ती खाटांच्या दांड्यांना लावली. दुसऱ्या दिवशी खिडक्या लावून टॉर्च फिरवला, तर अकराव्या खाटेवरची गुणाबाई सोडून बाकी दहाच्या दहा जणांचे गाल चमकत होते.

मग चोर सापडायला कितीसा वेळ? गुणाबाई रोज सकाळी खाटेखाटेपाशी जाई, दोन्ही हात समोरच्याच्या गालांवरून फिरवी आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडी. इडापिडा काढून घेई. तिच्या उजव्या हाताची करंगळी कडबा कापायच्या मशीननं तरुणपणीच नेली होती, म्हणून आवाज नऊच येत. ते ऐकल्याशिवाय म्हातारे चहाला तोंड लावत नसत. तपासलं, तर तिच्याही अंगात तोच जंतू.

रंजीतानं तिला टोकाच्या खोलीत हलवलं आणि बाहेरून कडी घातली.

“काऊन वं पोरी, मले कोंडून राह्यली? सकाळी सारे माही वाट पायत असतीन न.”

“गुणाबाई, कोणालेच हात लावाचा नाई तुमी आता. माह्या बाबाच्या जिवाचा सवाल आहे.”

गुणाबाई पंधराव्या दिवशी गेली. शेवटी तिला उघड्या हातानं कुणी शिवलं नाही. रंजीताला हुंदका आवरेना, पण हातमोजे तिनं काढले नाहीत. खोली ब्लीचिंगनं धुतली, गादी जाळली, प्लास्टिकमधली नवी गादी-उशी ठेवली. पुढच्या सफाईची परीक्षा म्हणून खाटेच्या दांडीला पावडर लावली, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

आठवड्यानं टॉर्च फिरवताना डोमाजींच्या गालांवर हिरवे ठसे दिसले. एका गालावर पाच बोटं. दुसऱ्यावर चार.

बाकीची पावडर तिनं कधीच पुसून काढली होती. आता ती त्या बंद खोलीतच काय ती होती.

तिनं सफाईवाल्या कलाबाईला फैलावर घेतलं. कलाबाईनं दोन्ही पंजे पुढं पसरले. “मोजून घ्या न ताई. माही दहाबी बोटं हायेत.” मग खालच्या आवाजात म्हणाली, “दुपारी सगळे झोपले का आवाज येते. मी मोजत नाई.”

डोमाजींचा ताप उतरला, पुढचा रिपोर्ट स्वच्छ आला. मग बुधरीच्या गालांवर ठसे उमटले आणि तीही बरी झाली. रंजीतानं लॅबला दोनदा फोन करून नमुन्यांवरची नावं पडताळली. मुखरूंचा ताप मात्र एकशेतीनवर होता, जखमेचा वास पडवीपर्यंत येई. त्यांना तिनं वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. दुपारी जेवायला जाताना ती बाहेरून कडी लावी. उगाच कुणाचा हात लागायला नको.

“गुणाबाई येते वं,” एका दुपारी मुखरू म्हणाले. “दारापाशी उभी रायते. कडी पायते अन् वापस जाते.”

“बाबा, ताप आहे तुमाले.”

“तापच तर घ्याले येते ते.”

मुखरूंचा नवा रिपोर्ट आला. एकही औषध लागू नव्हतं.

दुसऱ्या दुपारी रंजीतानं कडी लावली. चार पावलं गेली. परत आली आणि कडी काढली. आजवर शिकलेलं सगळं आपण त्या कडीसोबत काढून ठेवतोय, हे तिला कळत होतं.

ती पडवीत भिंतीला टेकून उभी राहिली. लाईन गेलेली. पंखे थांबलेले.

ब्लीचिंगचा वास आला.

कड्.

मग दुसरा. रंजीता मोजत गेली.

नऊ.

मुखरूंच्या गालांवर ठसे होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेज मागून घेतली. आठव्या दिवशी रिपोर्ट स्वच्छ आला. आता आश्रमात एकाच्याही अंगात तो जंतू नव्हता. रंजीता बापाच्या पायाशी बसून लहान पोरीसारखी रडली.

“बाईनं सगळ्यायची पिडा घेतली,” मुखरू म्हणाले. “तिची कोणं घेतली वं?”

रंजीता उठली. टोकाच्या खोलीचं कुलूप काढलं. उशीचं प्लास्टिक तसंच होतं, फाडलेलं नव्हतं. मधोमध डोकं टेकल्यासारखा खळगा होता. तिनं हात लावला. एकशेतीन, फार तर चार. नर्सच्या हाताला कळतं.

तिनं हातमोजे काढले. उशीच्या वर, रिकाम्या हवेत, दोन्ही हात फिरवले. आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. नऊ वाजली. उजवी करंगळी कितीही दाबली तरी वाजेना.

बाहेर येऊन तिनं सवयीनं साबण लावून, वीस मोजून हात धुतले. ओले हात कानशिलाला लागले. कानशील भाजत होतं.

पडवीत म्हातारे चहाचे कप घेऊन बसले होते. कुणीच घोट घेतला नव्हता. सगळे तिच्याकडं गाल पुढं करून पाहत होते.