पाचवी हाक

राजवर्धन, दार ओढून घे. शिवांजली, तू अशी आत सरक. हे नानासोंच्या घरी घडले. नानासो माझे वर्गमित्र. खोटे रचण्याइतकी कल्पनाशक्ती त्यांच्यापाशी कधीच नव्हती.

गेल्या वर्षी मार्गशीर्ष वद्य नवमीला, गुरुवारी, ते संध्याकाळी आष्ट्याला औषध आणायला गेले. त्यांच्या पत्नी हरणाबाई यांना कर्करोग. मिरजेत केमोचा चौथा डोस झालेला. वेदना त्या सोशीत होत्या. झोप मात्र एकोणीस रात्री आली नव्हती. याला जागरण म्हणू नका. जागरण माणूस करतो; हे त्यांच्यावर लादलेले होते.

नानासोंनी झोपेच्या गोळ्यांची पट्टी पुढे ठेवली.

"आवं, मी झोपलं तर गल्लीतल्या पोरांना दारं धरायला उठवंल कोण?"

"मोबाईल हायती की त्यांच्याकडं."

"व्हय तर! रविराजच्या मोबाईलनं त्याची म्हस उठती, त्यो न्हाई उठत."

त्या आठवड्यात पाण्याच्या मोटारींची वीज रात्री दोनला येई. तेव्हा उठून उसाला पाणी द्यायचे. एकेका सरीचे चिखलाचे दार उघडायचे, मिटायचे; हेच दारे धरणे. हरणाबाई जाग्याच असत, म्हणून ओट्यावर उभ्या राहून गल्लीतल्या चार घरांना हाका मारीत. पायरी उतरण्याचे त्राण त्यांच्यात नव्हते. पण त्या चार हाकांच्या आधारावर त्या उरलेली रात्र ढकलीत.

"फुकट जागण्यापरीस कुणाचा तरी ऊस भिजू दे," त्या म्हणाल्या. पट्टी उशाशीच राहिली.

दोनला पाच मिनिटे असताना नानासोंना जाग आली. बाहेर हाक ऐकू येत होती.

"रविराज, ऊठ रं! लाईट यील आता."

हरणाबाईंचाच आवाज. नानासोंनी सवयीने शेजारच्या खाटेकडे पाहिले.

हरणाबाई निजल्या होत्या. ओठ किंचित विलग. श्वास संथ. पट्टीतल्या दहाही गोळ्या जागच्या जागी.

"उदयसिंह, ऊठ गड्या..."

दुसरे दार. आवाज चालत होता.

नानासोंनी हरणाबाईंच्या खांद्याकडे हात नेला. आणि थांबवला. विसाव्या रात्री आलेली झोप. मोडली, तर पुन्हा येईल? आणि न मोडली, तर... बाहेर गेलेले परत येईल?

तिसरे घर.

चौथे.

आता हाका थांबायला हव्या होत्या. गल्ली संपते. पुढे पाणंदीची वाट. त्यापुढे रान.

"आकाराम... ऊठ, बाळा."

आकाराम नानासोंचा धाकटा भाऊ. हरणाबाईंनी लहानाचा मोठा केलेला. दोन वर्षांपूर्वी, अशाच रात्री, मोटारीच्या विजेचा धक्का बसून गेला.

नानासोंचा हात अधांतरी राहिला.

मग काहीच नाही.

काहीच...

सातला हरणाबाई उठल्या. तोंडावर तुकतुकी होती. "लय गाढ झोप लागली वं. पोरांना हाका मारायच्याच ऱ्हायल्या."

नानासोंनी त्यांना त्या हाकांचे अजूनही सांगितलेले नाही. त्या आता रोज झोपतात. हे जागतात. दोन वाजले, की हात त्यांच्या खांद्याजवळ धरून बसतात. उठवावे की उठवू नये, ते त्यांना ठरवता आलेले नाही. तेच त्यांनी मला विचारले.

त्या सकाळी मात्र ते रानात गेले. आकाराम गेल्यापासून त्याचे रान पडीक आहे. त्याच्या मोटारीचे तिन्ही फ्यूज नानासोंनी तेव्हाच काढून घरी खुंटीला टांगले होते. निघताना त्यांनी पाहिले. होते. धुळीसकट.

रान शेवटच्या सरीपर्यंत भिजलेले होते. आणि त्या सरीचे दार ताज्या चिखलाने, हाताने थापून, नीट मिटलेले.