हाताखालचे हात

बसा जवळ, आणि मधे कुणी बोलू नका. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली, त्यानंच मला सांगितली.

आमचा लोण्या. तान्ह्या बाळांचं, वाढत्या पोरांचं आखडलेलं अंग मोकळं करून द्यायचा. तेल नाही, जोर नाही, नुसता हलका हात. हात लोण्यासारखे, म्हणून लोण्या. बायको म्हणायची, घरी मात्र या हातांनी बरणीचं झाकणही निघत नाही.

दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, शेवटचा रविवार. रात्री अकराला त्याला फोन आला. गल्लीतल्या शिंप्याचा. त्याची बायको नुकतीच बाळंतपणात गेली होती. बाळ दूध घेईना, झोपेना. दवाखान्यात तपासलं, दोष काही सापडेना.

"दादा, या हो. मला आता काही सुचत नाही."

लोण्या गेला. खोलीत शिलाई मशीन भिंतीला सरकवलेलं, खाली गादीवर बाळ. रडून रडून आवाज बसलेला. नुसतं तोंड उघडायचं. अंग लाकडासारखं ताठ.

"हाही गेला तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?" शिंपी म्हणाला.

लोण्यानं हात उताणे करून बाळाच्या डोक्याखाली सरकवले. त्याची रोजची रीत. धरायचं, आणि वाट बघायची.

मान जराशी सैल पडली. आणि लोण्याला जाणवलं...

त्याच्या हातांखाली आणखी हात होते.

गार. बायकी. बोटाला बोट लावून.

त्यानं शिंप्याकडे बघितलं. शिंप्याचे हात स्वतःच्या मांडीवर.

लोण्या हात काढायला गेला. बाळ पुन्हा ताठ झालं.

"काढू नका, दादा... पाया पडतो."

ठेवले. खालची बोटं हलत होती. हळूहळू. तो धरतो तशीच. शिकत असल्यासारखी.

मग त्या गार हातांनी लोण्याचे हात बाजूला सारले.

बाळाचं डोकं खाली आलं नाही.

गादीपासून चार बोटं वर... तसंच.

दोघं बघत राहिले.

बाळानं मोठा श्वास सोडला. झोपलं. डोकं अलगद गादीला टेकलं.

शिंपी अगदी हळू बोलला. लोण्याशी नाही.

"त्याला नेऊ नकोस गं..."

पोरगं आता घरभर धावतं. लोण्या रात्रीचा कुणाकडे जात नाही.

गादी मात्र शिंप्यानं उन्हात टाकली, पिंजून घेतली, शेवटी नवीच आणली. तरी रोज सकाळी उशाशी दोन खळगे दिसतात. उताण्या हातांचे. मी पाहिलेत. पोराचं डोकं जसं वाढतंय, तसे ते एकमेकांपासून लांब सरकताहेत.